बलकाचे फुगे

फेब्रुवारी सरत आला की आमच्या प्रयोगशाळेत अ‍ॅसिटोनचा वास मुक्कामाला येतो. एम.एस्सी.च्या मुलांचे प्रोजेक्ट संपवायचे हे दिवस. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तरी नेलपॉलिश पुसताना येतो तसला तो थंड, नाकात चढणारा वास अ‍ॅप्रनला लागतो, केसांना लागतो, डब्यातल्या चपातीलासुद्धा लागतो. सकाळी बदलापुरात अजून अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं आणि दुपारी उन्हाने डोकं तापतं. कात्रपच्या रस्त्याकडेला शेवग्याची फुलं पडलेली असतात. हातगाड्यांवर द्राक्षं आलेली असतात.

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, बलक काढल्यावर पांढऱ्याचं काय करायचं?"

"फेकू नकोस," मी म्हणाले. "घरी ने."

ती हसली. तिला वाटलं, मॅडम काटकसरीच्या आहेत. आहे मी काटकसरी. पण ते कारण नव्हतं.

मोठा पूर येऊन गेला, त्यानंतरचा पहिला फेब्रुवारी होता तो. कुळगावात आमच्या घराच्या भिंतीवर पाणी चढल्याची मातकट रेघ अजून दिसायची. बाबांनी तिच्यावर चुना मारला होता, तरी ती खालून उमटायचीच. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. संजूदादा, माझा मोठा भाऊ, बारावीनंतर उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स धुण्याच्या एका कारखान्यात लागला होता. आणि मी उल्हासनगरच्याच कॉलेजात एम.एस्सी. करत होते. आमच्या भावकीत एवढं शिकणारी मी पहिली मुलगी. विहारात कुणी नवं माणूस भेटलं की बाबा "जय भीम"नंतरच्या दुसऱ्याच वाक्यात ते सांगायचे. मला फार लाज वाटायची. आता ते सांगायला बाबा नाहीत, तर वाटतं, सांगू द्यायचं होतं आणखी थोडं.

दादा संध्याकाळी घरी आला की त्याची नखं निळी असायची. नीळ कशानेच जायची नाही. आई लिंबू चोळायला लावायची. तो म्हणायचा, "राहू दे गं, उद्या परत होणारच आहेत."

माझ्या गाईड होत्या पुष्पा मॅडम. सिंधी, कॅम्पातच जन्मलेल्या, मराठी अगदी सफाईने बोलायच्या, पण उत्साहात आल्या की वाक्य हिंदीत शिरायचं आणि तिथेच संपायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "वैशाली, बेडूक बघितलास ना डबक्यात? सगळी घाण आहे पाण्यात. त्याला खरचटलं तर जखम सडत नाही. क्यूं?"

मी वही उघडली.

"त्याच्या कातडीतून एक औषध पाझरतं. पेप्टाइड. प्रथिनाचा छोटासा तुकडा, बस. आणि फक्त बेडूक नाही हां. तुझ्या कातडीत पण आहे, घामात आहे, डोळ्यातल्या पाण्यात आहे. सबके पास है."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे रडलेलं चांगलं असतं की."

हे तुकडे जंतूला मारतात कसे, हा आमचा प्रश्न. पोटात शिरून विष कालवणारी औषधं पुष्कळ आहेत. पेप्टाइडं बहुतेक वेळा तेवढं आत जातच नाहीत. त्यांचं काम दारातच असतं. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा एक पातळ पडदा असतो, तेलाचा तवंग दुहेरी करून गुंडाळावा तसा. जंतूच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. पेप्टाइडवर असतो धन. ते ओढलं जातं आणि पडद्याला चिकटतं. त्याची एक बाजू पाण्याला धरून राहते, दुसरीला तेल आवडतं. एकटंदुकटं असेल तर नुसतं पडून राहतं. गर्दी वाढली की मात्र ती तेलवेडी बाजू पडद्यात घुसते, पडदा विस्कटतो, आतलं बाहेर येतं आणि जंतू संपतो. आपल्या पेशी आपला ऋणभार बहुतेक आतल्या अंगाला झाकून ठेवतात, शिवाय त्यांच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, त्यामुळे वीण घट्ट राहते. म्हणून आपण वाचतो. पुस्तकात हे दीड पानात होतं. मला ते फार सुंदर वाटलं होतं. इतकी साधी निवड. भार बघायचा आणि चिकटायचं.

बेडकाचं पेप्टाइड आम्हाला कुठून मिळणार! मॅडमनी पॉलिमिक्सिन मागवलं. तेही एका मातीतल्या जंतूने तयार केलेलं पेप्टाइडच, गोल कडं आणि त्याला चरबीची शेपटी. जुनं औषध. आणि जिवंत जंतूंऐवजी आम्ही कृत्रिम पेशी करायचो, म्हणजे नुसता पडदा आणि आत रंगाचं पाणी. मॅडम त्यांना फुगे म्हणायच्या. या फुग्यांचा पडदा करायचा अंड्याच्या बलकातून. बलक अ‍ॅसिटोनमध्ये घोटला की नको ती चरबी निघून जाते आणि मागे मेणासारखा चिकट गोळा राहतो, लेसिथिन. तो विरघळवून गोल बुडाच्या चंबूत फिरवत सुकवला की काचेला एक जवळजवळ न दिसणारा थर धरतो. त्यात रंगाचं पाणी घालून हलवलं की तो थर सुटतो आणि आपोआप फुगे होतात. कुणाला करावे लागत नाहीत. पाणी पातळ ताकासारखं धुरकट दिसायला लागतं. अजूनही ते झालं की मी मुलांना गप्प करते आणि बघायला लावते.

रंग असा असतो की फुग्यात दाटीवाटीने कोंडला की मंद दिसतो. फुगा फुटून तो बाहेर पसरला की जांभळ्या दिव्याखाली हिरवागार चमकतो. म्हणजे औषध घालायचं आणि अंधाऱ्या खोलीत नळीकडे बघत बसायचं. हिरवं झालं, तर पडदा फाटला.

अंडी घरीच फोडायचे मी. बलक डब्यात घालून कॉलेजला न्यायचा, पांढरं आई तव्यावर परतायची. "तुझ्या सायन्सपायी आम्हाला अर्धी अंडी," दादा कुरकुरायचा आणि सगळं संपवायचा.

कारखान्यात गरम पाण्याच्या पाइपचा जोड सुटला आणि उकळतं पाणी दादाच्या दोन्ही पायांवर आलं, तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत होते. शिपाई मला शोधत आला. हॉस्पिटल कॉलेजपासून लांब नव्हतं. मी पोचले तेव्हा दादा शुद्धीवर होता आणि पहिलं काय बोलला, तर "आईला सांगू नको एकदम." त्याच्या जीन्सचं कापड कापून काढत होते. मांडीच्या मध्यापासून खाली मी बघितलं नाही. बघायला हवं होतं, असं नंतर कधी वाटलं नाही. पुढे बघायला भरपूर मिळालं.

भाजलेल्या माणसाला खायला फार लागतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर बोलायच्या. "प्रोटीन द्या. अंड्यातलं पांढरं द्या, जितकं जाईल तितकं. कातडी नाही ना त्याला, अंगातलं सगळं त्या वाटेने वाहून जातंय."

मग घरात एक नवी व्यवस्था लागली. सकाळी आई नि मी ओट्याशी उभ्या राहून अंडी फोडायचो. पांढरं एका भांड्यात दादासाठी, पिवळं दुसऱ्या भांड्यात माझ्या फुग्यांसाठी. कवचाच्या दोन वाट्यांतून बलक इकडून तिकडे करताना तो फुटू नये, एवढ्याकडेच लक्ष. एकदा आईच्या हातून एक फुटला आणि ती तिथेच ओट्याला टेकून रडायला लागली. मी गॅस बंद केला. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि पुढचं अंडं घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात बँडेजवर हिरवट डाग दिसायला लागले, आणि एक वास यायला लागला. घाण वास असता तर बरं वाटलं असतं. तो गोड होता, उन्हात ठेवलेल्या पिकल्या द्राक्षांसारखा. मला तो ओळखीचा होता. प्रयोगशाळेत स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढवला की बशीचं झाकण उघडताच तोच वास येतो. बाबा म्हणाले, "काहीतरी चांगला वास येतोय, नवं मलम लावलं वाटतं." मी हो म्हणाले. हॉस्पिटलच्या दारात द्राक्षांच्या गाड्या लागलेल्या असायच्या, सोनाका, शरद, ढीगच्या ढीग. मी त्या बाजूचा फुटपाथ सोडून दुसऱ्या बाजूने यायला लागले. आजही मी द्राक्षं धुऊन सगळ्यांपुढे ठेवते, खात नाही. घरच्यांना वाटतं मला आंबट सोसत नाही.

ताप उतरेना. दादा वेड्यासारखं बोलायला लागला. कारखान्यातल्या माणसांना हाका मारायचा, "ए, ड्रम बंद कर, ड्रम बंद कर." डॉक्टरीणबाईंनी बाबांना आणि मला बाहेर बोलावलं.

"जंतू बाकीच्या कुठल्याच औषधाला दाद देत नाही. एक जुनं औषध शिल्लक आहे. किडनीला त्रास देतं, म्हणून मागे पडलं होतं. आता परत वापरावं लागतंय. पॉलिमिक्सिन. घरात बोला आणि मला सांगा. लवकर."

त्या गेल्या. बाबा बाकावर बसले. कामावरून तसेच आले होते, खिशात पाना होता. म्हणाले, "पॉलि... तू ते घरी बोलतेस तेच ना हे?"

"हो."

"मग तुला माहीत असेल. द्यायचं का?"

मला काय माहीत होतं? बलकाच्या साध्या, ऋणभार नसलेल्या फुग्यांवर ते घातलं की नळी काळोखी राहते, हे माहीत होतं. तेच फुगे जंतूसारखे ऋणभाराचे केले की नळी हिरवी होते, हे माहीत होतं. मी बाबांना म्हटलं, थोडा वेळ द्या, आणि कॉलेजात गेले.

पुष्पा मॅडम पेपर तपासत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "साध्या फुग्यांना ते काही करत नाही ना मॅडम? मग आपल्या पेशींना का करेल?"

त्यांनी चष्मा काढला. "बेटा, माझ्या टेस्ट ट्यूबमध्ये किडनी नाही. किडनीच्या पेशी ते औषध ओढून घेतात, जमा करतात. थोडं असेल तर चालतं. जमा झालं तर त्यांचा पडदा पण हलतो." मग म्हणाल्या, "पण तुझ्या भावाच्या पायावर जो बसलाय ना, तो थांबणार नाही. मेरा भाई होता तो मैं दे देती. रोज ब्लड टेस्ट करायला लावली असती आणि दिलं असतं."

मी परत आले. बाबा तिथेच बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसून सांगितलं, "बाबा, हे औषध जंतूचं आवरण फाडतं. आपल्या पेशींचं आवरण वेगळं आहे, म्हणून त्या बऱ्यापैकी वाचतात. सगळ्या नाही. किडनीला त्रास होईल. रोज रक्त बघावं लागेल. नाही दिलं, तर जंतू रक्तात जाईल. मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही."

"म्हणजे द्यायचं."

"हो."

"मग अशी कचरतेस का?"

"ते कसं फाडतं, हे मी बघितलंय ना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले आणि डॉक्टरीणबाईंना शोधायला गेले. मला सोबत चल म्हणाले नाहीत. पुढे काही वाईट झालं असतं, तर ते माझ्या अंगावर येऊ नये म्हणून ते एकटे गेले, हे मला खूप वर्षांनी सुचलं.

औषध सुरू झालं. सलाइनच्या बाटलीतून थेंब थेंब पडायचं आणि मी त्या नळीकडे बघत बसायचे, अंधाऱ्या खोलीत बघायचे तशीच. इथे मात्र काही दिसत नव्हतं. तीन-चार दिवसांत ताप उतरायला लागला. त्याच सुमारास रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागलं, म्हणजे किडनी थकत चालली होती. एक आकडा खाली यायचा आणि दुसरा वर जायचा. डॉक्टरीणबाई दोन्ही बघून औषधाची मात्रा कमी करायच्या, दोन वेळांमधलं अंतर वाढवायच्या. आई लघवीची पिशवी किती भरली हेच बघायची. घरी आल्यावर शेजारची काकू विचारायची, "कसा आहे संजू?" आई सांगायची, "आज चांगली झाली." कुणाला काय वाटायचं कोण जाणे.

प्रोजेक्ट मी सोडला नव्हता. लोकांना वाटेल, मन रमवायला. तसं नव्हतं. परीक्षा तोंडावर होती आणि दादाच म्हणायचा, "तू जा, इथे बसून काय करणार." त्या दिवसांत मी एक प्रयोग केला, जो मॅडमनी सांगितला नव्हता. साध्या फुग्यांवर, जे काही केल्या फुटत नव्हते त्यांच्यावर, मी औषधाची मात्रा वाढवत नेली. नेहमीच्या कितीतरी पुढे. बराच वेळ नळी काळोखी राहिली. मग तळाशी एक फिकट हिरवटपणा आला. वाटलं, डोळ्यांचा भास. दुसरी नळी केली. तीही तशीच.

मॅडमना दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "हे घ्यायला नको ना? आलेख बिघडतो."

"आलेख छान झाला," त्या म्हणाल्या. "आधी तो खोटं बोलत होता थोडा."

बँडेजचा हिरवा रंग आधी गेला. मग एके दिवशी ड्रेसिंग सोडताना तो वास आला नाही. नर्स म्हणाली, "लाल दिसतंय, मस्त." लाल म्हणजे जिवंत. औषध थांबवलं. क्रिएटिनिन आणखी थोडं चढलं, तिथेच रेंगाळलं, आणि मग हट्टी पाहुण्यासारखं हळूहळू निघून गेलं. पुढे पाठीवरची आणि मांडीच्या वरच्या भागातली कातडी काढून पायांना लावली. दादा म्हणायचा, "माझ्यावर ठिगळकाम चाललंय, जीन्सवर करतात तसं."

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर सर आले होते. त्यांनी माझा प्रबंध चाळला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "तुम्ही लिहिलंय, 'हे पेप्टाइड फक्त जंतूंच्या पडद्यावर परिणाम करते.' फक्त?"

मी ते वाक्य डिसेंबरात लिहिलं होतं. बदलायचं राहून गेलं होतं.

"नाही सर. आपल्या पेशींवरही करतं. कमी करतं."

"कशावरून म्हणता?"

मी शेवटचा आलेख दाखवला. हिरवटपणाची ती रेघ, आधी आडवी आणि मग टोकाला किंचित वर वळलेली. दादाबद्दल बोलले नाही. ते बोलायचं ठिकाण नव्हतं.

"मग 'फक्त' खोडा," सर म्हणाले. मी त्यांच्यासमोरच पेनाने खोडलं आणि वर 'मुख्यतः' लिहिलं.

माझ्या विद्यार्थ्यांना निवड ही गोष्ट फार स्वच्छ हवी असते. मित्र कोण, शत्रू कोण. मॅडम, ते औषध ओळखतं कसं, असं विचारतात. ओळखत काहीच नाही, मी सांगते. कुठे जास्त चिकटतं, कुठे कमी, एवढंच. मधल्या अंतरात माणूस वाचतो. ते अंतर केवढं ते मोजायचं, हे आपलं काम. काही मुलं लिहून घेतात. काहींना जेवणाची सुट्टी कधी होते असं झालेलं असतं, तेही बरोबर आहे.

दादा जीन्सच्या कारखान्यात परत गेला नाही. कापड कटिंग शिकला, अंबरनाथला एका गाळ्यात बसून काम करायला लागला. बसून करायचं काम, पायांना बरं. लग्नाचं निघालं तेव्हा आईने मुलीकडच्यांना आधीच सगळं सांगून टाकलं. मुलगी खरवईची, मनीषा. बघण्याच्या कार्यक्रमात मोठी माणसं चहाच्या निमित्ताने उठली तेव्हा तिने त्याला विचारलं, "अजून दुखतं?" तो म्हणाला, "दुखत नाही. काही लागलं तरी कळतच नाही तिथे. परवा अगरबत्ती टेकली, तर वासावरून समजलं." ती म्हणाली, "मग कुणीतरी बघायला पाहिजे जवळ." लग्न ठरलं ते तिथेच, आत चहा उकळत होता तेव्हा.

हळदीच्या दिवशी दारात मांडव होता. सकाळचं ऊन त्याच्या कापडातून गाळून येत होतं. मावश्या, काकू, शेजारणी हळद लावत होत्या. गालाला, हातांना, खांद्यांना. पायांपाशी आल्या की प्रत्येकीचा हात गुडघ्यावर थबकायचा. पायांवरची कातडी ठिकठिकाणी गुळगुळीत, ठिकठिकाणी सुरकुतलेली, कडेने गडद. कुणी मुद्दाम करत नव्हतं. दुखेल अशी भीती वाटायची बायकांना. दादा हसतमुखाने बसला होता.

शेवटी आई आली. तिने ताटातली हळद ओंजळीने घेतली, पाटासमोर खाली बसली आणि त्याचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एकाच हाताने हळद लावत गेली. मग पोटरीच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी सगळ्यात पातळ होती, तिथे बोटांनी.

दादाने पाय झटकन मागे घेतला.

"काय रे? दुखलं?" आईचा चेहरा उतरला.

"नाही." तो स्वतःच्याच पायाकडे बघत होता. "गुदगुल्या झाल्या."

मांडवात कुणाच्या लक्षात आलं नाही. बाया गाणं म्हणत होत्या. आईने त्याचा पाय पुन्हा मांडीवर ओढला आणि त्याच जागेवर पुन्हा बोटं फिरवली.

"आई, बास ना," तो म्हणाला. ती थांबेना.